टीबी गोल्ड पॉझिटिव्ह: रिपोर्ट वाचायचा कसा आणि फाइलमध्ये लिहायचं काय

समजा, लॅबकडून आलेल्या पीडीएफमध्ये असं छापलंय: निल ०.०५, टीबी१ ०.६२, टीबी२ ०.७१, मायटोजेन १० पेक्षा जास्त. खाली ठळक लाल अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. चार आकड्यांकडे कुणी बघत नाही. लाल शब्द मात्र तासाभरात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, मावशी ‘आमच्या शेजारच्यांनाही झाला होता, सहा महिने गोळ्या’ म्हणून मोकळी होते, आणि ज्याला साधा खोकलाही नाही त्याचं ताट-वाटी वेगळं काढायची भाषा सुरू होते.

ताट-वाटीचं आधी मिटवून टाकू. या रिपोर्टवरून कुणाचं काहीही वेगळं काढायची गरज नाही. ज्याला आजार नाही, फक्त ही तपासणी पॉझिटिव्ह आहे, त्याच्याकडून कुणालाही लागण होत नाही. (आणि आजार असला तरी टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही.)

उरतात ते दोन प्रश्न. या रिपोर्टवरून नेमकं काय कळलं? आणि ते कागदावर कुठल्या शब्दांत उतरवायचं? पहिल्यावर डॉक्टर थोडंफार बोलतात. दुसऱ्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच होतो. तपासणी बरोबर असते, डॉक्टरांचा विचारही बरोबर असतो, पण केसपेपरवर घाईत लिहिलेले दोन शब्द चुकतात आणि पुढे कितीतरी वर्षं पाठ सोडत नाहीत.

चार नळ्यांत काय चालतं

आपण जिला सरसकट ‘टीबी गोल्ड’ म्हणतो ती बहुतेक वेळा ‘क्वांटिफेरॉन टीबी गोल्ड प्लस’ ही तपासणी असते. या जातीच्या तपासण्यांना डॉक्टर ‘इग्रा’ म्हणतात. ही तपासणी रक्तात टीबीचे जंतू शोधत नाही. ती आपल्या प्रतिकारशक्तीची आठवण तपासते. टीबीच्या जंतूशी एकदा गाठ पडली की शरीरातल्या काही टी पेशी त्याला लक्षात ठेवतात. पुन्हा त्याचे तुकडे समोर आले की या पेशी गॅमा इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात. तेच मोजायचं.

त्यासाठी साधारण एकेक मिलिलिटर रक्त चार नळ्यांत घेतात. टीबी१ आणि टीबी२ या नळ्यांच्या आतल्या बाजूला टीबीच्या जंतूच्या दोन प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात. निल नळीत काहीच नसतं. तुमच्या रक्तात मुळातच किती गॅमा इंटरफेरॉन आहे ते तिच्यावरून कळतं. मायटोजेन नळीत कुठल्याही धडधाकट टी पेशीला डिवचेल असं द्रव्य असतं. पेशी जाग्या आहेत ना, याची ती खात्री. नळ्या ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात आणि मग मोजणी होते.

ही दोन प्रथिनं निवडण्यामागे कारण आहे. भारतात जन्मल्या जन्मल्या बीसीजीची लस देतात. ती गुरांच्या टीबीच्या जंतूपासून केलेली आहे. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी १३ वर्षं तो जंतू प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवला, २३० वेळा, आणि तो दुबळा केला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली. या खटाटोपात जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला. इग्रामध्ये वापरलेली दोन्ही प्रथिनं नेमकी त्या गळालेल्या तुकड्यावरची आहेत. म्हणून बीसीजी घेतल्यामुळे इग्रा पॉझिटिव्ह येत नाही. हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायच्या जुन्या मॅंटू तपासणीत ही सोय नाही, तिथे बीसीजीमुळे गोंधळ होऊ शकतो. ‘लहानपणी लस घेतली होती म्हणून पॉझिटिव्ह आलं असेल’ हे वाक्य मॅंटूसाठी काही अंशी खरं आहे, टीबी गोल्डसाठी नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो. टीबीच्या जंतूचे काही लांबचे भाऊबंद, उदाहरणार्थ मायकोबॅक्टेरियम कॅन्सासी, हीच प्रथिनं बाळगतात, त्यामुळे क्वचित त्यांच्यामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. रोजच्या व्यवहारात याचा फार विचार करावा लागत नाही.

जाता जाता पुण्याचा उल्लेख करायला हवा. हीच दोन प्रथिनं वापरून मॅंटूसारखीच हातावर टोचायची ‘सायटीबी’ नावाची तपासणी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. ४८ ते ७२ तासांनी गाठ बघायची, ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. इग्रासारखी लॅब लागत नाही, बीसीजीचा गोंधळही नाही. तालुक्याच्या पातळीवर मला हीच जास्त कामाची वाटते.

जे ती सांगू शकत नाही

दाराशी एकदा येऊन गेलेल्या माणसाला कुत्रा ओळखतो. तो भुंकला म्हणजे ओळख आहे एवढंच कळतं. माणूस आत्ता घरात लपलाय, काल येऊन गेला की वीस वर्षांपूर्वी, हे भुंकण्यावरून सांगता येत नाही. इग्राचंही असंच. शरीरात टीबीचा आजार चालू आहे, जंतू निपचित पडून आहेत, की शरीराने त्यांचा कधीच निकाल लावलाय आणि फक्त आठवण उरली आहे, या तिन्ही स्थितींत रिपोर्टवर तोच लाल शब्द येतो.

भारतात ही ओळख किती जणांची आहे? २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात १५ वर्षांवरच्या लोकांत टीबीचा संसर्ग साधारण ३१ टक्के आढळला. म्हणजे लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावर तिघं बसले असतील तर त्यातल्या जवळपास एकाचा टीबी गोल्ड पॉझिटिव्ह येईल. जगाचा आकडा साधारण एक चतुर्थांश धरतात. या सगळ्यांना टीबी होतो का? नाही. संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच होतो. बाकीचे नव्वद-पंचाण्णव टक्के काहीही न होता जगतात.

म्हणूनच आपल्याकडे चाललेला एक प्रकार मला खटकतो. ताप जात नाही, करा टीबी गोल्ड. मानेत गाठ आहे, करा टीबी गोल्ड. लग्नाला चार वर्षं झाली, मूल होत नाही, करा टीबी गोल्ड, आणि पॉझिटिव्ह आला की सुरू करा सहा महिन्यांच्या गोळ्या. तिघांतल्या एकाचा जो रिपोर्ट तसाही पॉझिटिव्ह येणार, त्याच्यावर आजाराचं निदान कसं बसवणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच आपल्यासारख्या देशांत आजाराच्या निदानासाठी इग्रा वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. उलटही तितकंच खरं: प्रत्यक्ष टीबीने आजारी असलेल्या काही जणांचा, विशेषतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा, रिपोर्ट निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह आहे म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करणंही चूकच. गाठ असेल तर गाठीतून सुईने नमुना घ्या, खोकला असेल तर बेडका तपासा. जिथे शंका आहे तिथला नमुना हवा.

(इथे एक गैरसमज कानावर येतो की ‘सरकारने टीबीच्या रक्ततपासण्यांवर बंदी घातली आहे’. २०१२ मधली बंदी रक्तातली प्रतिपिंडं मोजून टीबी ‘ओळखणाऱ्या’ किटवर होती, आणि ती योग्यच होती. इग्रा त्यात येत नाही.)

आता ते आकडे

पुन्हा वरच्या रिपोर्टकडे. टीबी१ मधून निल वजा करा: ०.६२ उणे ०.०५, म्हणजे ०.५७. टीबी२ साठी ०.६६. दोन्हींपैकी एक जरी ०.३५ किंवा त्याहून जास्त असेल, आणि तो निलच्या किमान २५ टक्के असेल, तर तपासणी पॉझिटिव्ह. निल ८ पेक्षा जास्त असेल तर रिपोर्ट अनिश्चित, कारण पार्श्वभूमीच इतकी गोंगाटाची आहे की वेगळं काही ऐकू येत नाही. दोन्ही टीबी नळ्या ०.३५ च्या खाली आणि मायटोजेनही निल वजा जाता ०.५ पेक्षा कमी, तरीही अनिश्चित: पेशी झोपलेल्या आहेत, त्यांना काही विचारण्यात अर्थ नाही. मायटोजेन कमी असूनही टीबी नळीत भरपूर प्रतिसाद असेल तर मात्र तो पॉझिटिव्हच धरतात.

अनिश्चित म्हणजे ‘थोडा पॉझिटिव्ह’ नव्हे. तपासणीने उत्तरच दिलेलं नाही, पुन्हा करा, एवढाच त्याचा अर्थ. स्टिरॉइड चालू असणं, एचआयव्ही, डायलिसिस अशा कारणांनी हे होतं, आणि कधी कधी नुसत्या हलगर्जीने. थेट त्या चार नळ्यांत घेतलेलं रक्त १६ तासांच्या आत उबवायला ठेवावं लागतं, तोवर ते फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, आणि रक्त घेतल्यावर प्रत्येक नळी सुमारे दहा वेळा नीट हलवायची असते, म्हणजे आतला थर रक्तात मिसळतो. शनिवारी दुपारी तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर घेतलेलं रक्त कुरिअरने मुंबईला जाणार असेल तर मधल्या वेळेत त्याचं काय होतं, हे विचारायला लाजू नका. लॅब जवळ असेल तर सकाळी तिथेच जाऊन रक्त द्यावं.

०.३५ ही रेघ सोयीसाठी मारलेली आहे. ०.३४ च्या माणसाला संसर्ग नाही आणि ०.३६ च्या माणसाला आहे असं निसर्ग मानत नाही. त्याच माणसाची तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा केली तर आकडा थोडा वरखाली होतोच. अमेरिकेत रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची दरवर्षी ही तपासणी करायची पद्धत होती. एका वर्षी पॉझिटिव्ह, पुढच्या वर्षी निगेटिव्ह, असे झोके इतके दिसले की २०१९ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने, ज्यांचा टीबीच्या रुग्णाशी माहीत असलेला संपर्क नाही आणि जिथे प्रसार होत नाही, अशा ठिकाणी दरवर्षी तपासणी नको असं सांगितलं. साधारण ०.२० ते ०.७० या पट्ट्याकडे अनेक संशोधक सावधपणे बघतात. काही जण हा पट्टा १ पर्यंत ओढतात. आपल्या कल्पित रिपोर्टमधले ०.५७ आणि ०.६६ त्याच पट्ट्यात आहेत. त्याऐवजी ६ किंवा ८ आले असते तर पुन्हा करण्यात वेळ घालवायचं कारण नव्हतं.

म्हणून नुसतं ‘पॉझिटिव्ह’ असा एका शब्दाचा रिपोर्ट देणाऱ्या लॅबकडून चारही आकडे मागून घ्या. पैसे चारही नळ्यांचे दिलेत. (टी-स्पॉट नावाची दुसरी एक इग्रा आहे, तिच्यात आकड्यांऐवजी ठिपके मोजतात. तिचे निकष वेगळे, ते इथे लावू नका.)

हाच आकडा, तीन माणसं

तपासणी कशासाठी केली, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

पहिला माणूस: बाविशीचा मुलगा, त्याच्या वडिलांच्या बेडक्यात दोन महिन्यांपूर्वी टीबी सापडला. याच्या बाबतीत ०.५७ हा आकडा मी गंभीरपणे घेईन. संसर्ग नुकताच झालेला असण्याची दाट शक्यता आहे आणि पहिली दोन वर्षं हाच धोक्याचा काळ. पुन्हा तपासत बसू नये. खरं तर भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना, आजार नाही याची खात्री करून, तपासणीची वाट न बघताच प्रतिबंधक औषध देतात.

दुसरी: संधिवाताची रुग्ण, पन्नाशीतली, जिला अडालिमुमॅबसारखं इंजेक्शन किंवा टोफासिटिनिबच्या गोळ्या सुरू करायच्या आहेत. ही औषधं प्रतिकारशक्तीचा जो हात दाबतात, तोच हात निपचित जंतूंना कोंडून ठेवत असतो. हिच्यातही आकडा छोटा आहे म्हणून सोडून देता येणार नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या आधी, डायलिसिसवर असताना, दगडखाणीत काम करून सिलिकोसिस झाला असेल तर, हाच विचार.

तिसरी: नागपूरची एमएसची विद्यार्थिनी. अमेरिकेत विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरने नियम म्हणून तपासणी करून घेतली. घरात कुणाला टीबी नाही, तब्येत ठणठणीत. इथे पुन्हा एकदा तपासून बघण्यात काही गैर नाही. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आलं तर उपचारांचा विचार करावा. निगेटिव्ह आलं तर दोन्ही रिपोर्ट जपून ठेवावेत. पण डॉक्टर म्हणाले की ‘तू भारतातून आलीस म्हणजे कमी धोक्याची नाहीस’, तर त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आजार नाही हे आधी सिद्ध करा

पॉझिटिव्ह आल्यावर पहिलं काम औषध सुरू करणं हे नाही. पहिलं काम आजार चालू नाही ना हे बघणं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटणं, मानेत किंवा काखेत गाठी: हे विचारायचं, तपासायचं. मग छातीचा एक्स-रे. लक्षणं नाहीत आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर सुप्त संसर्ग (जंतूंशी गाठ पडलेली, पण आजार नाही) म्हणायला हरकत नाही. कशातही शंका आली तर बेडक्यात जंतूची जनुकं शोधणारी रेणवीय तपासणी, म्हणजे सीबी-नॅट किंवा ट्रूनॅट. ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

एवढा आग्रह का? सुप्त संसर्गाला एक किंवा दोन औषधं दिली जातात. आजाराला सुरुवातीला चार लागतात. फुप्फुसात जंतू लाखोंनी वाढत असताना त्यांच्यावर एकट्या आयसोनियाझिडचा मारा केला तर त्यातले चिवट तेवढे उरतात आणि औषधाला दाद न देणारा टीबी आपणच घडवतो. घाईने दिलेल्या प्रतिबंधक गोळीचं हे सगळ्यात महागडं फळ.

औषधांबद्दल थोडक्यात. जुनी पद्धत म्हणजे सहा महिने रोज आयसोनियाझिड. नवी आणि बऱ्याच जणांना सोयीची म्हणजे ‘३एचपी’: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदाच, बारा आठवडे. अमेरिकेत चार महिने रोज रिफाम्पिसिन हाही पसंतीचा मार्ग. रिफापेंटिन आणि रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. त्यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि एचआयव्हीची काही औषधं निष्प्रभ होऊ शकतात, ते मात्र डॉक्टरांना आधीच सांगायचं. यकृताचा आजार, रोजची दारू, आधीची कावीळ हेही लपवू नये. भूक एकदम गेली, मळमळ थांबेना, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. घरातल्या ज्या रुग्णामुळे संसर्ग झाला त्याचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर हे सगळं गणित बदलतं, औषध वेगळं लागतं.

‘भारतात राहून परत लागण होणारच, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आपला कार्यक्रम रस्त्यावरच्या प्रत्येकाची तपासणी करत नाही. ज्यांचा धोका आत्ता जास्त आहे, त्यांचा आत्ताचा धोका कमी करतो.

केसपेपरवरचे शब्द

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या डॉक्टरांना ‘टीबी’ असं सरळ लिहायची सवय नाही. रुग्णाला कळू नये, नातेवाइकांना धक्का बसू नये म्हणून रॉबर्ट कॉखच्या नावावरून ‘कॉक्स’ लिहायचं, आणि उपचारांना ‘एकेटी’ (अँटी-कॉक्स ट्रीटमेंट) म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता सुप्त संसर्गासाठी ३एचपी घेणाऱ्या मुलीच्या कागदावर कुणीतरी सवयीने ‘एकेटी चालू’ लिहिलं. तीन वर्षांनी ती अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या रुग्णालयात गेली, तिथे जुना कागद बघून ‘ओल्ड कॉक्स’ असं उतरवलं गेलं. पुढे विमा कंपनीच्या फॉर्मवर, परदेशी व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत, तिला ‘टीबी होऊन गेलाय, उपचार पूर्ण झाल्याचा पुरावा आणा, बेडक्याचे रिपोर्ट आणा’ असं सांगतात. बेडक्याचे रिपोर्ट नसतातच, कारण आजारच नव्हता. नसलेल्या आजाराचा पुरावा ती कुठून आणणार?

म्हणून नोंद कशी हवी? साधारण अशी: अमुक तारखेला क्वांटिफेरॉन प्लस पॉझिटिव्ह, चारही आकडे. तपासणीचं कारण: घरातल्या रुग्णाशी संपर्क. लक्षणं नाहीत. अमुक तारखेचा छातीचा एक्स-रे नॉर्मल. सक्रिय टीबीचा पुरावा नाही. निदान: सुप्त टीबी संसर्ग. प्रतिबंधक उपचार ३एचपी, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, किती मात्रा घेतल्या. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

पाच-सहा ओळी. ‘सक्रिय टीबीचा पुरावा नाही’ ही ओळ सगळ्यात मोलाची, आणि हमखास तीच राहून जाते. डॉक्टर तोंडाने म्हणतात ‘काही नाहीये’, कागदावर काहीच नसतं. नम्रपणे सांगा: ‘डॉक्टर, तेवढं लिहून द्याल का?’ सरकारी कार्यक्रमातून औषध घेत असाल तर निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर तुमची नोंद प्रतिबंधक उपचाराखाली झाली आहे, रुग्ण म्हणून नाही, हेही आरोग्य कर्मचाऱ्याला एकदा विचारून घ्या.

उपचार नको असं ठरलं, तर तेही कारणासकट लिहावं. नागपूरच्या त्या विद्यार्थिनीची दुसरी तपासणी निगेटिव्ह आली आणि डॉक्टरांनी औषध दिलं नाही, तर ‘सुप्त टीबी’ हा शिक्काही तिच्यावर मारू नये. ‘पहिली तपासणी सीमेवर पॉझिटिव्ह, पुनर्तपासणी निगेटिव्ह, निदान केलेलं नाही’ असंच लिहावं. तपासणीचा निकाल आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत हा फरक थेट बिलाच्या कोडमध्ये दिसतो. तिथे नुसती इग्रा पॉझिटिव्ह आली आहे, सक्रिय टीबी नाही, पण डॉक्टरांनी अजून निदान केलेलं नाही, तर कोड ‘आर७६.१२’. सुप्त टीबी असं निदान झालं की ‘झेड२२.७’. हा दुसरा कोड २०१९ च्या ऑक्टोबरपासून वापरात आला, आणि नियमानुसार हे दोन्ही एकाच वेळी लावता येत नाहीत. नुसत्या चाळणी तपासणीसाठी गेलात तर ‘झेड११.७’, आणि सुप्त टीबी पूर्वी होऊन गेल्याची नोंद करायची तर ‘झेड८६.१५’. ‘ए१५’ पासून सुरू होणारे कोड मात्र आजाराचे. सुप्त संसर्ग असलेल्याच्या बिलावर ‘ए१५’ दिसला तर लगेच दुरुस्त करून घ्यावा. तिकडे असलेल्या आपल्या मुलांना ‘आफ्टर व्हिजिट समरी’ (डॉक्टरांच्या भेटीनंतर मिळणारा गोषवारा) उघडून हा एक कोड बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

ग्रीन कार्डाची धास्ती बरीच जण बाळगतात. अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्या दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला तिथल्या ‘सिव्हिल सर्जन’कडून (हे आपल्या जिल्हा रुग्णालयातले नव्हेत, तर अशा तपासणीसाठी सरकारने नेमलेले डॉक्टर) इग्रा करून घ्यावी लागते. पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे. एक्स-रे स्वच्छ असेल तर सुप्त टीबी म्हणून नोंद होते आणि स्थानिक आरोग्य विभागाला कळवलं जातं, पण त्यामुळे ग्रीन कार्ड अडत नाही. सक्रिय आजार मात्र बरा होईपर्यंत अडवतो. दोन्हींतला फरक कागदावर स्पष्ट असणं किती महत्त्वाचं, ते इथे कळतं.

विम्याच्या फॉर्मवर खोटं लिहू नये. ‘टीबी झाला होता का?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच आहे. ‘कुठल्या तपासणीत दोष आढळला का, कुठले उपचार घेतलेत का?’ असं विचारलं तर मात्र ‘सुप्त टीबी संसर्ग, आजार नाही, प्रतिबंधक उपचार पूर्ण’ असं लिहून वरचा कागद जोडावा. लग्नाच्या बोलण्यांत सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. सांगितलं तर ‘टीबी झाला होता’ या शब्दांत सांगू नये, कारण ते खरं नाही.

एक गोष्ट वारंवार घडते म्हणून लिहितो. उपचार पूर्ण झाल्यावर ‘आता गेला का बघू’ म्हणून लोक पुन्हा टीबी गोल्ड करतात आणि पुन्हा लाल शब्द बघून हादरतात. ही तपासणी आठवण मोजते, आणि आठवण औषधाने पुसली जात नाही. बहुतेकांची ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते. सीमेवरच्या आकड्याची एकदा केलेली पुनर्तपासणी वेगळी, पण पॉझिटिव्ह हे पक्कं झालेल्याने, मग औषध घेतलेलं असो वा नसो, नव्या नोकरीसाठी किंवा नव्या विद्यापीठासाठी ती पुन्हा करू नये. जुना रिपोर्ट, एक्स-रे, उपचार पूर्ण झाल्याचं पत्र दाखवावं. बहुतेक ठिकाणी त्यावर लक्षणांची प्रश्नावली भरून घेतात आणि फार तर नवा एक्स-रे मागतात.

तेव्हा फाइलमध्ये राहू द्यावे असे कागद: आकड्यांसकट मूळ रिपोर्ट, एक्स-रेचा लेखी अहवाल (फिल्म हरवते, सीडी चालत नाही, अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या), यकृताच्या तपासण्या, आणि उपचार पूर्ण झाल्याचं तारखांसकट पत्र. अमेरिकेत ३एचपी ‘पूर्ण’ मानायला बारापैकी किमान अकरा मात्रा सोळा आठवड्यांच्या आत व्हाव्या लागतात, म्हणून मात्रांची संख्या पत्रात असायलाच हवी. शेवटचा डोस झाला की त्याच आठवड्यात पत्र मागा. दोन वर्षांनी डॉक्टर बदललेले असतात, संगणक बदललेला असतो, आणि कुणालाच काही आठवत नसतं.

आणि पुढे कधी दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला, वजन उतरायला लागलं, तर ‘मी तर गोळ्या घेतल्यात’ म्हणून घरी बसू नये. प्रतिबंधक औषध धोका बराच कमी करतं, शून्य करत नाही, आणि नवी लागणही होऊ शकते. तेव्हा सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका द्यायचा. तो मोफत तपासतात. टीबी गोल्ड करायचा नाही, त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे.